वेशीबाहेरचे चौघे



२ राजे, अध्याय ७ मध्ये शोमरोनच्या वेशीबाहेर चार कुष्ठरोगी बसलेले आहेत. शहरात जावे तर दुष्काळ, इथेच बसावे तर उपासमार, अरामी छावणीत जावे तर बहुधा तलवार. हा शास्त्रभाग मला खरा कळला तो इंदापूर तालुक्यातल्या एका पारधी पालावर.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात जवळच्या गावात चोरी झाली. रात्री पालावरच्या एका बाईचा फोन आला. "ताई, आमचा माणूस पळाला तर म्हणतील, यानंच केलं. थांबला तर उचलून नेतील. काय करू?"

मी म्हणाले, "थांबू दे. सकाळी येते."

पहाटेच त्याला नेले. काही सापडले नाही म्हणून चार दिवसांनी सोडले. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. काम गेले, घेतलेली उचल अंगावर राहिली. पळाला असता तर बरे झाले असते का? तसेही वाटत नाही.

हा पेच त्यांनी स्वतःहून ओढवून घेतलेला नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे पारध्यांवरही शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला; लोकांच्या नजरेतला शिक्का राहिला. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांना कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांनी गावचा कागद आणायचा कुठून? एका जागी राहावे तर गाव जागा देत नाही. फिरत राहावे तर संशय येतो आणि मुलांची शाळा सुटते.

त्या चौघांना छावणी रिकामी सापडली. प्रत्येक वेळी तसे होईल, असे मी सांगणार नाही. पण ते चौघे एकत्र उठले, हे विसरू नका. त्या बाईला देण्यासारखे योग्य उत्तर माझ्याकडे नव्हतेच. तिला सोबत हवी होती. "सकाळी येते" म्हणण्याऐवजी मंडळीतल्या दोघांना घेऊन मी रात्रीच निघायला हवे होते.

म्हणून बारामती आणि इंदापूरच्या मंडळ्यांकडे आज मी देणगी मागत नाही. प्रत्येक मंडळीतून दोन माणसे द्या. रात्री फोन आला तर पालावर येतील, पोलीस ठाण्यात शेजारी बसतील, दाखल्यासाठी कचेरीच्या रांगेत उभी राहतील अशी. वाट वाईटच असेल, तरी त्यांना ती एकट्याने चालावी लागू नये.

प्रभू आपणास त्यासाठी धैर्य देवो. आमेन.