कचेरीतील वेळ



‘वेळ पुरत नाही’ ही तक्रार कचेरीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी असते. तिचा थोडा विचार आज आपण करू. माझ्या मते कचेरीतला पुष्कळसा वेळ कामापेक्षा कामाच्या शोधातच खर्ची पडतो.

१९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी तेथील कचेरीला जी शिस्त लावली, ती पुढे महाराष्ट्रभर प्रसिद्धीस पावली. या कार्यपद्धतीत मेजावरील कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे असतात. पहिला चालू प्रकरणांचा. दुसरा, ज्यांचे उत्तर दुसऱ्याकडून यावयाचे आहे अशा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. तिसरा, ठराविक मुदतीने पाठवावयाच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा, अभिलेख कक्षात जावयाच्या कागदांचा. आणि सहावा, नष्ट करावयाच्या कागदांचा. आता पाहा, यांपैकी रोज मेजावर हवा तो पहिलाच! बाकीचे जागच्या जागी गेले, की मनावरचे ओझेही उतरते. प्रतीक्षाधीन कागदावर मात्र पुन्हा पाहण्याची तारीख घालावी. नाहीतर तो गठ्ठा म्हणजे निव्वळ अडगळ. आज पुष्कळ ठिकाणी कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. पण गठ्ठे पडद्यावरही साचतातच.

आपले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेले. वेळेचे मोल येथील बागवानाला मी काय सांगावे? मृग बहारासाठी झाडाला उन्हाळ्यात ताण द्यायचा, तो दिवाळीत देऊन कसे चालेल? कागदालाही असाच बहार असतो. पेरणी उलटून गेल्यावर मंजूर झालेले पीककर्ज काय कामाचे? आणि तालुक्याची एक खेप फुकट गेली, की गरिबाची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणूनच शासनाने २००५ साली विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याप्रमाणे कोणतीही धारिका एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि रोजची वेळ पाऊण तासाने वाढली. पण गप्पांत आणि हातातल्या मोबाईलमध्ये तो पाऊण तास उडून जाण्यास कितीसा उशीर!

कोणी म्हणेल, ‘साहेब बोलावतात, लोक मध्येच येतात, लक्ष लागावे कसे?’ हे खरे आहे. त्यावर उपाय साधे आहेत. लोकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी सर्वांत अवघड प्रकरण हाती घ्यावे. टपाल ठरल्या वेळीच पाहावे. आणि काम आज होणार नसेल, तर आलेल्या माणसाला ‘उद्या या’ असे मोघम न सांगता खरी तारीख सांगावी व ती पाळावी. तारीख मिळालेला माणूस रोज दाराशी येत नाही. त्याचाही दिवस वाचतो आणि आपलाही.

मित्रहो, संध्याकाळी मेज आवरताना प्रत्येकाने एवढाच हिशेब मांडावा : आज आपल्यामुळे किती जणांची खेप वाचली? हा आकडा वाढू लागला, तर आपला वेळ सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.