मुखपट्टी, दंड आणि लोक

(सापगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोरोनाच्या काळात बाजारात मास्क हनुवटीवर ओढून फिरणाऱ्या माणसाला आपल्यातील सुशिक्षितांनी सरसकट अडाणी ठरविले. हा निवाडा मला मान्य नाही. मास्क झुगारणे म्हणजे सत्तेविरुद्धचे बंड, असे सांगणाऱ्यांची बाजूही मला घेता येत नाही. कापडी मास्क मुख्यतः घालणाऱ्याच्या तोंडातील तुषार अडवितो. आणि हा रोग लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरू शकत होता. म्हणजे त्याचा पहिला लाभ शेजाऱ्याला. अशा वस्तूबद्दल समाजवाद्याने तरी नाक मुरडू नये!

अमेरिकेत 1918 च्या इन्फ्लुएंझात सॅन फ्रान्सिस्को शहराने मास्कची सक्ती केली, तेव्हा तेथे मास्कविरोधी संघच स्थापन झाला आणि जानेवारी 1919 मध्ये त्याची मोठी सभा भरली. शहराचे महापौर स्वतःच मुष्टियुद्धाच्या सामन्यात मास्कविना आढळले व त्यांना दंड झाला. तेथील वाद प्रामुख्याने नागरिकाच्या स्वातंत्र्याचा होता. आपल्याकडील विरोधाचे मूळ निराळे आहे, आणि ते जुने आहे.

1897 साली प्लेगच्या निमित्ताने इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरले, आणि लोकांनी रोगाइतकीच धास्ती तपासणीची घेतली. त्या जुलमाचा शेवट 22 जून 1897 रोजी रँडवरील गोळीत झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्याच पुण्यात टिळकांनी, सरकारी पद्धतीवर कडाडून टीका करीत असतानाच, प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय चालविले. आणि सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगला बळी पडून 10 मार्च 1897 रोजी गेल्या. उपाययोजनेला विरोध आणि जुलमाला विरोध यांतील फरक या माणसांना कळत होता. आपल्या चळवळीने हा वारसा सांगावा; रँडच्या गोळीची गोष्ट सांगून थांबू नये.

आता आपल्या तालुक्यांकडे या. मे 2020 मध्ये येथून जवळच्या मुंबई-नाशिक महामार्गावरून मजुरांचे तांडे कसाऱ्याच्या दिशेने उन्हातून चालत गेले. त्या माणसांना शासन भेटले ते बहुतांशी पोलिसाच्या रूपाने. मुंबईत मास्कची सक्ती एप्रिल 2020 मध्ये झाली. एन-95 मास्कची किंमत 19 ते 49 रुपयांत बांधणारा राज्य शासनाचा निर्णय आला तो ऑक्टोबरमध्ये! मार्च 2021 च्या आदेशाने मास्क नसल्यास 500 रुपये दंड ठरला. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 248 रुपये होती. मोटारीतल्या माणसाला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला दोन दिवसांचे पोट. कायदा सर्वांना समान असतो, असे म्हणतात ते याच अर्थाने काय?

शिवाय सांगणाऱ्याचा शब्दही एक नव्हता. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आधी सांगत होती. 5 जून 2020 रोजी तिने सल्ला बदलला. पुरावा बदलला म्हणून मत बदलणे, हा विज्ञानाचा गुणच आहे. मात्र हे गावात येऊन समजावून कोणी सांगितले? आणि एप्रिल 2021 मध्ये पश्चिम बंगालच्या प्रचारसभांत बिनमास्कची गर्दी दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिली. बचत गटांच्या भगिनींनी मात्र या काळात मास्क शिवले, वाटले. लोकांनी त्यांचे ऐकले असेल, तर त्या ओळखीच्या होत्या म्हणून.

एप्रिल 2022 पासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला आणि विषय संपला, असे समजू नका. 1897 चा कायदा अजून जागेवर आहे. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवली, ते योग्यच झाले. पण साथीत नागरिकाला काय मिळावे, याविषयी त्यात अवाक्षर नाही. विधी आयोगानेही 2024 च्या अहवालात हा कायदा अपुरा ठरविला आहे. तेव्हा आपली मागणी नेमकी असावी: सक्ती करावयाची तर मास्क शिधावाटप दुकानात फुकट मिळाला पाहिजे, घरी बसविलेल्या मजुराला त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे, आणि दंडाची पावती फाडण्याआधी आदेशाचे कारण ग्रामसभेपुढे सांगितले गेले पाहिजे. या मागणीचा ठराव प्रत्येकाने आपापल्या ग्रामसभेत मांडावा, आणि मंजूर झालेल्या ठरावाची प्रत पुढील बैठकीला बरोबर आणावी.