कूर्मलांछन आणि रायगडचा किनारा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानावरून)



विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कूर्म, म्हणजे कासव. मंदिरातील पाषाणावर ते सर्वांनी पाहिलेले असते. परंतु श्रीवर्धन तालुक्यातील मारळ, हरिहरेश्वर आणि दिवेआगरच्या वाळूत जिवंत समुद्रकासवे अंडी घालावयास येतात, याची जाणीव थोड्यांनाच असते.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू सारते आणि समुद्रात परतते. पुन्हा ती त्या घरट्याकडे येत नाही. मागे राहतात तिच्या पावलांचे ठसे, आणि तेच पूर्वी घात करीत. ठसे वाचणारी माणसे अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी नेत; उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पण रात्रीच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर अनुसूची कोण वाचणार?

2002 साली बाणकोट खाडीपलीकडील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणास प्रारंभ केला. अंडी नेणाऱ्यांना तेथे दूर लोटले नाही. त्यांच्यापैकीच काहींना मानधन देऊन राखणीस घेतले. घरटे कोठे असेल, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? चोरीत तयार झालेली नजर रक्षणाच्या कामी आली. पुढे वन विभाग व ग्रामस्थ यांच्या साहाय्याने हे कार्य रायगडच्या किनाऱ्यावरही उभे राहिले.

काम कष्टाचे आहे. ठसे पुसण्याआधी, पहाटेच किनारा चालावा लागतो. अंडी हलवायची तर विनाविलंब आणि न उलटता. एरवी आतील जीव दगावतो. कुंपणात तेवढ्याच खोलीवर ती पुन्हा पुरतात, वर टोपली ठेवतात. मग 45 ते 65 दिवस रोजची पाहणी. वाळूच्या उष्णतेवर पिलू नर की मादी हे ठरते, म्हणून कुंपणाची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. खरे तर घरटे मूळ जागीच राखणे उत्तम. कुंपण हा नाइलाज.

जीवदयेच्या निधीतून पांजरपोळास चारा जातो, ते योग्यच आहे. त्याच निधीतून, वन विभागाच्या संमतीने, किनाऱ्यावरील एका राखणदाराचे हंगामाचे मानधन देता येईल काय, याचा विश्वस्त मंडळाने विचार करावा. निर्णय दिवाळीपूर्वी झाल्यास येत्या हंगामातच तो उपयोगी पडेल.