गाड्या मोजायच्या की माणसं?



डिसेंबर 2006 मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. तेव्हापासूनची तक्रार एकच : बसला वेगळी लेन दिली की बाकीच्यांची कोंडी होते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी विचारतो, मोजलं काय? गाड्या मोजल्या तर बसची लेन रिकामीच दिसते. माणसं मोजली तर भरलेल्या एका बसमध्ये पन्नास जण असतात, कारमध्ये बहुतेक वेळा एक-दोन. 2006 चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणही वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानतं.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. थांबा रस्त्याच्या मधोमध. तिथं पोचायला म्हाताऱ्या माणसांना, कडेवर लेकरू असलेल्या बाईला धावत्या गाड्यांमधून जावं लागतं. त्यासाठी लेन कशाला काढायची? ओलांडायला सिग्नल मागा.

बैठकीला दुकानदार येतात, सोसायटीवाले येतात. कोंढव्याहून कामाला जाणारी बाई त्या वेळी बसमध्येच असते. म्हणून पुढच्या बैठकीआधी आपल्यातल्या चौघांनी सकाळी आठ ते नऊ थांब्यावर उभं राहायचं, चढणारी-उतरणारी माणसं वहीत लिहायची आणि तो हिशेब क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यायची. कोण येतंय?