घर आणि धंदा यांसाठीं एकच गाडी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही अंगांस रोपवाटिका दिसूं लागतात. अशा एखाद्या रोपवाटिकेचा मालक हडपसरला राहतो असें समजावें. घरांत पत्नी, वृद्ध आई आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. एरवीं रोपें, कुंड्या व खताचीं पोतीं वाहावयाचीं. सणावारीं सर्वांना घेऊन सातारा-कोल्हापूरकडे जावयाचें. टेम्पो निराळा व मोटार निराळी ठेवण्याइतकी ऐपत नाहीं. तेव्हां पुढें पांच जणांची केबिन आणि मागें उघडा हौदा अशी डिझेलवर चालणारी पिकअप घ्यावी, असें त्याच्या मनांत येतें. विचार वावगा नाहीं. कारखान्यांतच हौदा बसवून गाडी विकण्याची ही कल्पना फोर्ड कंपनीनें अमेरिकेंत 1925 सालीं अमलांत आणली, आणि आपल्याकडे टाटांची टाटामोबाईल 1988 सालीं निघाली. म्हणजे प्रयोग नवा नव्हे. परंतु दुकानांत पाऊल ठेवतांच हा गृहस्थ विचारतो, 'लिटरला किती धांवते? हप्ता किती बसेल?' खरा पहिला प्रश्न तो विचारीतच नाहीं. या गाडीची नोंद कोणत्या वर्गांत होणार, आणि आर. सी. पुस्तकांत किती माणसें बसण्याची मुभा लिहिली जाणार, हा तो प्रश्न होय.

त्याकडे वळण्यापूर्वीं डिझेलविषयीं थोडें. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें 1897 सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगीची योजना नाहीं. हवाच इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनें तेल आपोआप पेट घेतें. त्यामुळें इंजिन सावकाश फिरत असतांनाहि ओढ भरपूर मिळते. भरलेला हौदा घेऊन दिवे घाट चढतांना हाच गुण उपयोगीं पडतो. मात्र 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि बहुतेक नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी जाळी आली. ही काजळी जळून जाण्यास गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगली तापावी लागते. ज्याची गाडी मुलांची शाळा, मंडई व घर एवढ्यांतच फिरणार, त्याची जाळी वारंवार तुंबते व खर्च अंगावर येतो. हडपसर ते उरुळी अशी रोजची खेप असणाऱ्याला ही अडचण फारशी नाहीं. ज्याची खेपच नाहीं, त्यानें डिझेलच्या वाटेस जाऊं नये.

दुसरी गोष्ट पाट्यांची. हजार किलो पेलण्यासाठीं मागें पोलादी पाटे घातलेले असतात. हौदा रिकामा असला कीं ते दबत नाहींत, आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का मागच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंच्या कमरेला पोहोंचतो. शिवाय मागील चाकांवर वजन नसल्यानें पावसाळ्यांत जोरानें ब्रेक दाबल्यास गाडीचें शेपूट घसरूं पाहतें. विक्रेता हें सांगत नाहीं. त्याची चक्कर गुळगुळीत रस्त्यावरची असते.

बाजारांत पर्याय थोडे आहेत. महिंद्राची बोलेरो कॅम्पर व टाटांची दुहेरी केबिनची योधा या कामकरी गाड्या होत. कॅम्परचें इंजिन 2.5 लिटरचें, किंमत दहा लाखांच्या आसपास. इसुझूची व्ही-क्रॉस खासगी मोटार म्हणून नोंदतां येते, बसावयासहि सुखाची आहे. पण ती वीस लाखांच्या पलीकडे जाते आणि ओझें कॅम्परहून पुष्कळच कमी घेते. खतवाल्याला ती परवडणारी नव्हे.

म्हणजे उरली पिवळ्या पाटीची गाडी. तिचा जाच वाटतो तितका नाहीं. भारासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाहीं. नव्या गाडीस दोन वर्षें पासिंगची चिंता नाहीं. पुढें आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं, व नंतर दरसाल तपासणी. घरांतील बाईंजवळ साध्या मोटारीचें लायसन असलें तरी चालतें. 7,500 किलोपर्यंतच्या वाहनास तें पुरेसें आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें 2024 सालीं दिला आहे.

अडचण निराळीच आहे, ती विम्याची. कायद्याच्या दृष्टीनें ही मालगाडी. 1994 सालच्या दुरुस्तीपासून सक्तीच्या विम्यांत मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधि यांचा समावेश झाला. परंतु बारशाला निघालेली आत्या ही ना मालाची धनीण, ना प्रतिनिधि. मालगाडींतून फुकट नेलेल्या उतारूंच्या भरपाईचा भार विमा कंपनीवर पडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें आशा राणी यांच्या खटल्यांत 2002 सालीं ठरविलें. हा निर्णय हौद्यांत दाटीनें बसलेल्यांपुरताच, असें मानून स्वस्थ बसणें धोक्याचें आहे. अपघात झालाच, तर एका बाजूस इस्पितळाचें बिल आणि दुसऱ्या बाजूस कंपनीचें नकाराचें पत्र, अशी अवस्था व्हावयाची. हौद्यांत तर कोणासहि बसवूं नयेच. जत्रेला नाहीं, शेतावर नाहीं, वेशीपर्यंतहि नाहीं.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं विमा कंपनीकडून लेखी घ्यावें: केबिनमधील पांचहि जणांना, माल नसतांना व घरगुती प्रवासांत, कोणतें संरक्षण आहे, आणि जें नाहीं तें जादा हप्ता भरून मिळतें काय? दलालाचें 'सगळें कव्हर होतें हो' हें उत्तर नव्हे. पॉलिसीवर जें छापलें असेल तेंच खरें. मिळणारी जादा रक्कम फार नसेल, तर प्रत्येक माणसाचा अपघात-विमा स्वतंत्र काढून ठेवावा. याच भेटींत केबिनमध्यें एअरबॅगा किती आहेत हेंहि पाहावें, कारण प्रवासी मोटारीस त्यांची जी सक्ती आहे ती मालगाडीस तशीच लागू नाहीं.

एवढें जमल्यावर मग गाडी चालवून पाहावी, आणि तीहि एकट्यानें नव्हे. आईंना मागच्या बाकावर बसवावें, हौदा रिकामा ठेवावा व दिवे घाटांतून सासवडपर्यंत जाऊन यावें. दुसऱ्या दिवशीं हौद्यांत पांच-सहा पोतीं टाकून तोच रस्ता पुन्हां धरावा. परत आल्यावर आईंनाच विचारावें, कोल्हापूरपर्यंत बसवेल का?