मुलांच्या हातचे यंत्र
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासाविषयी बोलण्यास आम्हांहून अधिकारी वक्ते येथे बसले आहेत. तो मान त्यांस देऊन आम्ही आमच्या वाट्यास आलेल्या लहानशा कामाविषयीच बोलतो. हायस्कुलातील मुलामुलींच्या संघास यंत्रमानवाच्या सांगाड्याची आखणी व जुळणी शिकविणे, हे ते काम. कित्येक पालक आम्हांस विचारतात, "तुम्हांस सर्व येते, मग तुम्हीच ते यंत्र का करून देत नाही? पोरांचे बक्षीस तरी हुकणार नाही." ह्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे योजिले आहे.

स्पर्धेचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. डीन केमन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली. १९९२ साली न्यू हॅम्पशर प्रांतातील एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आमचा संघ ज्या शाखेत उतरतो तिचे नाव 'फर्स्ट टेक चॅलेंज'. रिंगण १२ फूट लांब व तितकेच रुंद. यंत्र आरंभी सर्व बाजूंनी १८ इंचांच्या आत बसले पाहिजे. पहिली ३० सेकंद ते स्वतःच्या बुद्धीने, म्हणजे मुलांनी आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणे चालते. पुढील दोन मिनिटे मुले ते दुरून हाकतात. खेळ दरवर्षी नवा असतो, त्यामुळे गतवर्षीचे यंत्र जसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

'रोबो' ह्या नावाने कोणी दचकू नये. कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. १९२१ साली ते प्राग येथे रंगभूमीवर आले. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. आमच्या यंत्रास ना तोंड, ना डोके. चार चाके, एक हात आणि पोटात बॅटरी, इतकाच त्याचा संसार.

आता ह्या हाताचीच गोष्ट घ्या. मुले प्रथम हात लांबलचक काढतात, कारण कागदावर तो शोभतो. आम्ही तो खोडीत नाही. वजनकाटा व पट्टी पुढे ठेवतो. ४० सेंटिमीटर हाताच्या टोकाशी अर्धा किलो वजन धरले, तर सांध्यावर २० किलो-सेंटिमीटर पीळ येतो. हाताचे स्वतःचे वजन ३०० ग्रॅम. ते मध्यावर, म्हणजे २० सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर आणखी ६. एवढे मोटारीस पेलत नसेल तर काय करावे? कोणी म्हणतो, मोटार मोठी आणा. कोणी म्हणतो, हात आखूड करा. एखादी मुलगी म्हणते, मोटारीवर २० दात्यांचे चाक लावू आणि सांध्यावर ६० दात्यांचे. मग बळ जवळजवळ तिप्पट होते. थोडे घर्षणात जाते. पण हात उचलण्यास वेळही तिप्पट लागतो, आणि सामन्याची तर अडीचच मिनिटे! त्या क्षणी वर्गात जो वाद माजतो तो ऐकण्यासारखा असतो. हा वाद आम्ही एका वाक्यात मिटवू शकतो. परंतु तो मिटविला, तर मुलांच्या पदरी केवळ आमचे वाक्य पडेल.

वसईच्या वाड्यांत रहाट फिरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे नवे वाटू नये. जनावर आडवे फिरे आणि लोट्यांची माळ उभी फिरे. ती किमया दातेरी चाकांचीच होती. तसेच चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांतून ढकलला की मुडपतो, पण एक तिरपी पट्टी मारली की अचल होतो. हे मुलांस समजावयाचे असेल, तर कौलारू छपराखालील लाकडी कैची त्यांस दाखवावी. धडा फार जुना आहे, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून आमच्या खोलीत क्रम असा असतो: आधी पुठ्ठा, मग लाकूड, सरतेशेवटी धातू. पुठ्ठ्याचा हात मोडला तर कोणाचे काही जात नाही. आस दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर टेकली आहे की नाही, जड बॅटरी तळाशी आहे की नाही, हात वर गेल्यावर यंत्र पुढे कलंडते की काय, हे मुलांनी स्वतः पाहावे. आम्ही प्रश्न विचारतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसता ड्रिल फिरू लागले, तर मात्र आमचा हात तत्काळ आड येतो. तेथे प्रश्न नाही.

खरे सांगावयाचे तर स्पर्धेचे नियम मोठ्या माणसांच्या हातास सरसकट मज्जाव करीत नाहीत. म्हणूनच मोह खरा आहे. सामन्याच्या आदल्या रात्री सैल आस पाहून कोणत्या कारागिराचा हात शिवशिवणार नाही? एक पालक, स्वतः उत्तम फिटर, असेच पाना घेऊन पुढे सरसावले. आम्ही त्यांस विनविले की, नट कोठे सैल आहे हे सांगूही नका. तो कसा शोधावा एवढेच सांगा. ते क्षणभर रुसले. मग मुलांस म्हणाले, "चाक हाताने हलवून पाहा आणि कान द्या." मुलांस नट सापडला, पण अर्धा तास गेला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो ते हरलोच. परीक्षकांनी मुलांस बोलावून विचारले, हे चाक ६० दात्यांचेच का? त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, ते त्यांचे होते. ह्या उत्तरासाठी बक्षीस हुकले तरी चालेल, असा आमचा पक्ष आहे; तो आपणांस मान्य नसल्यास आजच बोलावे.

आणखी एक गोष्ट मनास बोचते. संघात मुली आल्या की त्यांचे अक्षर सुवाच्य म्हणून त्यांच्या हाती वही द्यावी आणि मुलांच्या हाती करवत, अशी वाटणी कोणी न ठरविताच होऊन जाते. आमच्या येथे वहीची पाळी सर्वांची, कानशीची पाळीही सर्वांची. ह्यावर घरून तक्रार आली, तरी हा नियम बदलणार नाही.

दहावीच्या मुलांस डिसेंबरात काढून घेण्याविषयी पालकांत चर्चा चालू आहे, ती आम्हांस ठाऊक आहे. अभ्यासाची चिंता रास्त आहे. त्यासाठी आठवड्याचे दोन दिवस आम्ही सोडतो. रविवारी मिस्सा व धर्मशिक्षण आटोपल्याखेरीज खोली उघडत नाही. पण ज्याने आखणी केली त्यास जुळणीपूर्वी नेऊ नये, इतकी विनंती.

पुढल्या रविवारी खोली दहा वाजता उघडेल. पालकांनी अवश्य यावे, बसावे, पाहावे. चहा आणल्यास आनंदच आहे. पाना मात्र घरी ठेवून यावे.