नास्तिक कोणाला म्हणावे?



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला शेजारीपाजारी, कचेरीतील सहकारी, कधी कधी तर आपलेच सोयरेधायरे एक टोमणा हटकून मारतात. "देव्हारा उचललात, खंडोबा-म्हसोबा सोडलात, आता तुम्ही नास्तिकच की!" ज्याला देव नाही त्याला नीतीचा धाक नाही, असे त्यातून सुचवावयाचे असते. हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी कोणी संतापतो, तर कोणी घाईघाईने "आमचा देव म्हणजे बुद्धच" असे सांगून सुटका करून घेतो. संताप हे उत्तर नव्हे, आणि दुसरे उत्तर तर धम्माच्या मुळावरच येणारे आहे. तेव्हा हा शब्द आपण एकदा नीट तपासून घेऊ.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नास्तिकाची व्याख्या दिली आहे. वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, एवढीच ती व्याख्या आहे; तीत ईश्वराचा उल्लेखदेखील नाही. म्हणूनच सृष्टीच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आस्तिकांच्या पंक्तीत बसतात. मीमांसकांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. यज्ञकर्माचा सर्वांत कडवा पुरस्कार करणारे हे दर्शन, आणि त्यातील थोर पंडित कुमारिल भट्ट याने जगत्कर्त्या ईश्वराची कल्पना मोठ्या कठोरपणे खोडून काढली. शरीर नसता त्याने सृष्टी कशी घडविली? करुणेने घडविली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करण्याजोगे कोण होते? आणि करुणाच होती, तर जग दुःखाने का भरले? असे त्याचे आक्षेप आहेत. तरीही कुमारिलाला कोणी नास्तिक म्हटले नाही, कारण वेदाचे प्रामाण्य त्याने जिवापाड राखले.

या निरीश्वरवादाने शूद्राच्या पदरात काय पडले, हेही पाहा. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला, याची चर्चा आहे. बादरि नावाच्या आचार्याचे मत असे की अधिकार सर्वांनाच असावा. ग्रंथ ते मत नोंदवितो आणि खोडून काढतो. तिकडे गीतेत तर प्रत्यक्ष भगवंताच्या मुखानेच चातुर्वर्ण्य आपण निर्मिले असे वदविले आहे. म्हणजे ईश्वर मानणाऱ्यांच्या ग्रंथात वर्ण आहे आणि न मानणाऱ्यांच्याही ग्रंथात आहे. चोखोबा जन्मभर विठ्ठलाचे नाव घेत राहिला. त्याची समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. एखादा मनुष्य ईश्वर मानतो की नाही, एवढ्यावरून तो आपल्याला माणूस मानील की नाही हे ठरत नाही, हा आपला अनुभव आहे.

आता परमपूज्य बाबासाहेबांकडे वळू. बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले हे आपले तीन गुरू, असे त्यांनी 1954 साली मुंबईत जाहीरपणे सांगितले. हे वाक्य आपण सभासभांतून उद्धृत करतो. परंतु ईश्वराच्या प्रश्नावर या तिघांचे मत एक नाही, याकडे आपले लक्ष जात नाही.

भगवान बुद्धाची भूमिका तेविज्ज सुत्तात पाहावी. ब्रह्माशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणता, यावर वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद जुंपतो आणि ते तथागतांकडे येतात. तथागत त्यांना साधा प्रश्न विचारतात: तुमच्या गुरूंपैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय? गुरूंच्या गुरूंनी? मागच्या सात पिढ्यांतील कोणी? नाही, नाही, नाही. मग ही तर एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांग झाली. ज्या वाड्याचा पत्ता नाही त्याला जिना बांधणाऱ्या माणसाचा दृष्टांतही तेथेच आहे. ऐकणाऱ्याचा अपमान न करता त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेण्याची ही रीत आपल्या प्रचारकांनी शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे हल्ली आवाज फार चढतो.

कबीराची गोष्ट वेगळी. बाबासाहेबांच्या घरीच कबीरपंथ होता. वडील रामजी सुभेदार त्या पंथाचे. काशीच्या या विणकराने रामनाम सोडले नाही. पण त्याचा राम निर्गुण आहे, अवतार घेणारा नाही, मूर्तीत बसणारा नाही. पंडित आणि मुल्ला दोघांनाही त्याने सारखेच फैलावर घेतले.

जोतीराव तर स्पष्टपणे ईश्वरवादी. त्यांनी त्याला 'निर्मिक' म्हटले. त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात हा निर्मिक सर्व स्त्रीपुरुषांचा निर्माता आहे. त्याला नैवेद्य नको, फुले नकोत आणि त्याच्या व माणसाच्या मध्ये दलाल तर मुळीच नको. त्याच पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे: पत्नीने वाटल्यास बौद्ध व्हावे, पतीने ख्रिस्ती, कन्येने मुसलमान, पुत्राने सत्यधर्मी, आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने, परस्परांचा द्वेष न करता नांदावे. पंचांगाशिवाय घरात पान हलत नव्हते, त्या काळी ही कल्पना एका माळ्याच्या मुलाने मांडली! कुमारिल निरीश्वरवादी आणि जोतीराव ईश्वरवादी. तरी या दोघांपैकी आपला कोण, हे सांगण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही.

असेच एक घर म्हणजे हा देश. संविधान सभेत 17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असता ह. वि. कामत यांनी उपसूचना मांडली की तिचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' व्हावा. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, ईश्वरच का? देवीच्या नावाने का नको? ते कामाख्येच्या प्रदेशातले होते. देवाचे नाव घालू म्हणताच कोणता देव, हा तंटा त्याच बैठकीत सुरू झाला. पट्टम थानू पिल्लै यांनी आपण श्रद्धावान असल्याचे सांगूनच विरोध केला. मानणे वा न मानणे हा माणसाचा अधिकार आहे आणि ही तर श्रद्धेची सक्ती होईल, असा त्यांचा मुद्दा होता. हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले की ज्या उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य दिले, तिच्याच माथ्यावर असे शब्द विसंगत ठरतील. पूर्णिमा बॅनर्जींनी तर ईश्वरावर मतदान करण्याची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनवणी केली. कामत ऐकेनात. मतदान झाले: बाजूने 41, विरुद्ध 68. त्या 68 जणांत देव मानणारेही होते. त्यांनी देव नाकारला नाही. दुसऱ्याच्या नावाने देव मानण्याचा हक्क नाकारला.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. ब्रह्मा, विष्णु, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना नकार आहे. देवाने अवतार घेतला, बुद्ध विष्णूचा अवतार आहे, या समजुतींना नकार आहे. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेण्याला नकार आहे. सृष्टीला कर्ता आहे की नाही, या तात्त्विक वादावर मात्र वेगळी प्रतिज्ञा नाही. धम्मात जगत्कर्त्याला जागा नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तेविज्ज सुत्ताच्याच आधारे सविस्तर मांडले आहे. पण शपथेच्या वेळी त्यांनी बोट ठेवले ते जेथे माणूस माणसापुढे वाकविला जातो, त्या जागांवर.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. आपल्यापैकी कोणाला साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहावे लागते, कोणी ग्रामपंचायतीवर निवडून येतो. तेथे शपथेचा मसुदा पुढे येतो आणि 'ईश्वरसाक्ष' हे शब्द सवयीने वाचले जातात. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार यांच्या शपथेचे दोन पर्याय छापलेले आहेत: ईश्वराच्या नावाने शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. साक्षीदारासाठी 1969 च्या शपथ कायद्यातही हीच सोय आहे. दोहोंचे वजन सारखेच. कारकुनाने कागद पुढे सरकविला की, आवाज न चढविता, "मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो" असे म्हणावे आणि मग खरे तेच सांगावे.